धुळ्यातली होडी

जळगावात राहून शिडाची होडी घ्यायची मी ठरवलं, तेव्हा ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न एकच विचारला: ठेवणार कुठे? जणू बाकी सगळं त्यांना पटलं होतं आणि फक्त पार्किंगचं तेवढं अडलं होतं. या लोकांनी आयुष्यात मोठं धाडस काय केलं, तर आधीच्याच कंपनीची पुढची गाडी घेतली. दुसरा प्रश्न माझ्या समोर विचारायची हिंमत कोणात नव्हती. तो माझ्या पाठीमागे विचारला जायचा, की एकटी बाई, रिटायर झालेली, डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?

मी शाळेत भूगोल शिकवला. सगळी नोकरी निळ्या खडूने समुद्र रंगवण्यात गेली आणि माझा एकही विद्यार्थी त्या निळ्या भागाकडे बघत नसे, कारण परीक्षेत खुणा करायच्या त्या जमिनीवर. चाळिशी उलटल्यावर एका मे महिन्यात मी किनाऱ्यावर जाऊन शिडाची होडी चालवायला शिकले. मग दर सुट्टीत जात राहिले. तिथली क्लबातली मंडळी म्हणजे आणखी एक नमुना. पांढऱ्या पँटी घालून दिवसभर खुर्चीत बसायचं, वाऱ्याबद्दल बोलायचं आणि वारा सुटला की जेवायला आत जायचं. जळगाव म्हटल्यावर प्रत्येकजण म्हणायचा, अरे वा, केळी! मी होडी त्यांच्यापेक्षा बरी चालवायचे, आणि ते त्यांना माहीत होतं, म्हणून ते केळ्यांबद्दलच बोलत राहायचे.

मला हवी होती ती लहानशी होडी. आत दोन माणसांना झोपता येईल, एक स्टोव्ह मांडता येईल आणि शिडाच्या जोरावर कोकणच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाता येईल, एवढीच. नवी घेण्याची माझी ऐपत नव्हती. जुनी मोटार घ्यायला माणूस जेवढे पैसे बाजूला काढतो तेवढे मी काढले होते, आणि तेवढ्यात बसेल अशी होडी शोधत होते. गुडघे अजून साथ देत होते. आणखी पाच-सहा वर्षांनी दिली नसती. जे करायचं ते आत्ताच करायला हवं होतं.

जुन्या होड्यांच्या जाहिराती वाचून मला माणसांबद्दल जे कळलं ते शाळेत कळलं नव्हतं. ‘किरकोळ डागडुजी आवश्यक’ याचा अर्थ तळ गेलेला. ‘इंजिन चालू स्थितीत’ म्हणजे इंजिन आहे. फोटो दहा वर्षांपूर्वीचा, होडी चिखलात, मालक परदेशात आणि भाव मात्र काल ठरवलेला. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल म्हणतात ते हेच. एकदा मी रात्रभराचा प्रवास करून एक होडी बघायला गेले, तर एजंटाने माझ्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, मिस्टर मागून येताहेत का? होडीच्या केबिनमध्ये मधमाश्यांचं पोळं होतं. त्या होडीतलं कामसू असं तेवढंच होतं.

आणि मग होडी सापडली ती धुळ्यात. समुद्रापासून इतक्या लांब, हायवेच्या बाजूच्या एका जुन्या कॉलनीत. शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीचे नातेवाईक तिथे राहायचे. तिने सहज सांगितलं की त्यांच्या शेजारी एका अंगणात पत्र्याच्या शेडखाली केबिन असलेली होडी वर्षानुवर्षं चाकांच्या सांगाड्यावर उभी आहे. मालक जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्त होऊन घरी आले ते ही होडी ट्रकवर घालून घेऊन आले. दर वर्षी काहीतरी दुरुस्त करायचे आणि पुढच्या वर्षी समुद्रात नेणार म्हणायचे. ते गेले. आता त्यांच्या पत्नीला होडी द्यायची होती. मैत्रिणीने मोबाईलवर फोटो दाखवला. फोटो चालू वर्षातला होता, एवढ्यावरच माझा जीव अडकला.

इथे माझ्या धाकट्या भावाची गरज पडली. होडी आणून ठेवायला जागा हवी होती आणि ओढायला ट्रॅक्टर हवा होता. दोन्ही त्याच्याकडे जळगावजवळ असोद्याला होतं. मळ्यात केळी पिकवायची शेड अर्धी रिकामी पडलेली होती. तो द्यायला तयार झाला, पण अट घातली. व्यवहार बाईमाणसाने करायचा नाही, आबा करतील. मैत्रिणीकडून त्याने त्या बाईंचा नंबरही परस्पर मागून घेतला. मला तो दिलाच नाही, कारण म्हणे सौद्यात एकच तोंड असावं. माझ्या पैशांचा सौदा, आणि त्यात माझंच तोंड नको होतं.

आबा आमचे चुलतआजोबांकडचे काका. एरंडोलकडच्या गावचे. सगळी हयात बैलांच्या बाजारात दलाली करण्यात गेली. उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव करणाऱ्यांच्या पिढीतले. त्यांनी ट्रॅक्टर घेतले, विहिरींच्या मोटारी घेतल्या, नातवांसाठी मुली बघितल्या, सगळं बैल घ्यावा तसं. घराण्यात कोणी काही विकत घ्यायचं म्हटलं की आधी आबांना गाडीत बसवायचं असा रिवाजच आहे. आबांना होडीतलं काय कळतं, असं मी विचारलं, तर भाऊ म्हणाला की आबांना माणसातलं कळतं. ही थाप आमच्या घरात इतकी वर्षं खपली आहे की तिला आता सोन्याचा भाव आला आहे.

निघालो तेव्हा आबा पुढे बसले, मी मागे. एरंडोलला चहाला थांबलो. तिथे त्यांनी मला धडा दिला. वस्तूला चांगलं म्हणायचं नाही. वस्तूकडे टक लावून बघायचं नाही. वस्तू जितकी आवडेल तितकी तिची खोड काढायची. भाव अडला की उठून चालू लागायचं आणि मागे वळून बघायचं नाही, विकणारा हाक मारतोच. "पसंत पडनी ना वस्तू, ते तोंड वाकडं करानं," ते म्हणाले. "जितली पसंत, तितलं तोंड वाकडं." मग बशीतला चहा संपवून त्यांनी बढाई मारली की गिऱ्हाइकाचा नुसता ओठ बघून तो बैलापायी किती वेडा झालाय ते मी सांगतो, उपरण्याची गरज नाही. ओठाचा कोपरा किती खाली गेला यावर सगळं असतं. मी शिकवलेल्या पोरांपैकी सर्वांत मठ्ठ पोरगाही मला त्या घटकेला आबांपेक्षा हुशार वाटला.

धुळ्याचं ते अंगण मी अजून विसरलेले नाही. कडुनिंबाखाली पत्र्याची शेड आणि तिच्यात होडी. पांढरा रंग जुन्या भांड्यासारखा पिवळसर झालेला, पण अंग धड. मी बोटांनी तळावर ठोकत गेले. सगळीकडे एकच भरीव आवाज आला, कुठे पोकळ नाही, कुठे पुट्टी भरून बुजवलेलं नाही. पाण्यात होडी तोलून धरणारी तळातली जड लोखंडी पाटी वर ओढून घेतलेली, तिला ग्रीस लावलेलं. डोलकाठी कापडात गुंडाळून आडवी ठेवलेली. केबिनमध्ये दोन बिछाने, एक ओटा, आणि ओट्याला कडेने लाकडी पट्टी, लाटेत भांडं खाली पडू नये म्हणून. मी त्या पट्टीवरून बोट फिरवलं. त्या माणसाला होडी कळत होती. मला ती तिथेच, त्याच घटकेला हवी झाली. आयुष्यात मला दुसरं काही इतकं हवं झालेलं आठवत नाही.

आबांनी माझा चेहरा पाहिला आणि चटकन माझ्या पुढे येऊन उभे राहिले. मालकीणबाईंना तो दिसू नये म्हणून.

त्या बाई सत्तरीच्या असतील. आम्ही त्यांना अक्का म्हणत होतो. साध्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शिडं आणून दाखवली, घडी करून जुन्या साडीत बांधलेली. दर वर्षी पाऊस संपला की त्या ती गच्चीवर उन्हात घालत, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून. मालक करत होते, म्हणून ते गेल्यावर याही करत होत्या. किंमत विचारली तर म्हणाल्या, जो चालवेल त्याने परवडेल ते द्यावं, मला ती चाललेली हवी आहे. आबांनी भावाच्या कानाशी लागून सांगितलं की किंमत न सांगणारं माणूस सर्वांत पोचलेलं असतं. इतक्या वर्षांच्या दलालीत त्यांना सरळ माणूस भेटलंच नसावं. भेटलं असेल तरी त्यांना ओळखता आलं नसतं.

मग आबांनी सुरुवात केली. बाईंशी उपरण्याखाली हात धरता येत नाही, तेव्हा सगळं जिभेनेच करायचं होतं. ते होडीच्या मागून पुढे गेले, पुढून मागे आले, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी तिच्यावर थाप मारली. रंग उडालाय. वास येतोय. चाकं बसलीत. एवढ्या मोठ्या वस्तूला एवढंसं इंजिन कसं? भाऊ मान डोलवत होता. तो तर शिकाऊ उमेदवारच. त्याने खिडकीची काच हलवून बघितली आणि मोठा निःश्वास टाकला, जणू घरातलं कोणी गेलं होतं.

अक्का ऐकत होत्या. हातात चहाचा ट्रे होता, तो तसाच. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला चालवता येते?"

भावाने परस्पर उत्तर दिलं की तिला काय विचारता अक्का, तिला त्यातलं काय कळतंय, हौस आहे आपली.

"येते," मी म्हणाले. "चांगली येते."

अक्कांचा चेहरा उजळला. आबांना तो उजळलेला चेहरा धोक्याचा वाटला, कारण विकणारा खूश झाला की भाव चढतो, हे त्यांच्या धर्मात लिहिलेलं. त्यांनी मग शेवटचं हत्यार काढलं. बैलबाजारात ज्याच्या दावणीचा धनी गेला, ते जनावर अपशकुनी ठरवायचं असतं. किंमत अर्ध्यावर येते. ते खरं मानायचं नसतं, नुसतं म्हणायचं असतं. विकणारा त्यावर चार शिव्या देतो, दलाल हसतो, तंबाखू मळली जाते आणि भाव पुढे सरकतो. बाजारातल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. अक्का बाजारात कधी गेल्या नव्हत्या.

"अक्का, हाई वस्तूनी धनी खादा," आबा म्हणाले. "हाई आते कोन ली?"

हिने धनी खाल्ला, आता हिला कोण घेईल. हे त्या बाईंच्या अंगणात, त्यांच्या हातातला चहा घ्यायच्याही आधी.

अक्कांनी ट्रे शेडच्या कट्ट्यावर ठेवला. मी आबांना गप्प बसा म्हणाले, मोठ्याने म्हणाले, पण आबा तोवर फाटकाकडे वळले होते. भाऊ मला दंडाला धरून नेत होता आणि पुटपुटत होता की चल ताई, आता वळू नको, आत्ता हाक येईल. आम्ही गाडीत बसलो. हाक आली नाही. आबांनी समाधानाने टोपी सारखी केली आणि सांगितलं, येत्या बाजाराच्या आत फोन येतो की नाही बघ, आहे त्याच्या निम्म्यात पडेल. निम्मं कशाचं, हे विचारायची सोय नव्हती. किंमत तर कोणी सांगितलीच नव्हती.

परतीच्या वाटेवर मी दोघांना जे बोलायचं ते बोलले. आबांनी ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाले की पोरीचा जीव वस्तूत गुंतला, म्हणून बाईमाणसाला बाजारात नेऊ नये. मी नंबर मागितला. भाऊ म्हणाला, सौदा बिघडेल. मैत्रिणीकडे मागितला, तर तिला आधीच फोन करून दटावलेलं. आमच्या घरातली माणसं एरवी एक काम धड करत नाहीत, पण एखाद्या बाईची वाट अडवायची झाली की कशी सगळी एक होतात, बघण्यासारखं असतं.

बाजाराचा दिवस उलटला, फोन आला नाही. मी बसने धुळ्याला गेले. एकटी. ठरवून गेले होते की अक्कांना सगळं सांगायचं: ती बाजारातली बोली असते, होडी उत्तम आहे, माझ्याकडे आहेत ते सगळे पैसे घ्या आणि मला द्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मध्येच होडीच्या ओट्यावर डबे कसे लावायचे याचा विचार करत होते. त्या दोन-अडीच तासांत मी जितकी सुखात होते तितकी नंतर झाले नाही.

शेडमध्ये नुसता चाकांचा सांगाडा उभा होता.

अक्कांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. कॉलनीच्या मागे म्हशींचा गोठा होता. गोठेवाला किती वर्षं मागत होता म्हणे, कापली तर दोन हौद होतील. त्या आजवर नाही म्हणत आल्या होत्या. आम्ही गेलो त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला निरोप दिला. पैसे घेतले नाहीत. मी सांगायला लागले की आबा म्हणाले ते खरं नव्हतं, तसं म्हणायची रीतच असते, आवडली म्हणूनच नावं ठेवत होते. अक्कांनी शांतपणे ऐकलं. मी इतकी वर्षं शिकवलं, पण ते वाक्य कसं समजावून सांगावं हे मला कळेना. आवडली म्हणून नावं ठेवली. मोठ्याने म्हटल्यावर ते किती मूर्ख वाटतं!

"माझ्या मनात यायचंच," अक्का म्हणाल्या. "ते रोज उठून शेडमध्ये जायचे. गेले तेही तिथेच. पण दुसऱ्या कोणी कधी असं म्हटलं नव्हतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण घट्ट धरलाही नाही.

गोठ्याकडे मी त्या दिवशी गेले नाही. गेले ते काही महिन्यांनी, आणि तेही आबांमुळे. धुळ्याला नात्यातलं लग्न होतं. जेवणं झाल्यावर आबांनी भावाला गाडी त्या कॉलनीकडे घ्यायला लावली. त्यांना बघायचं होतं. मी गाडीतून उतरणार नव्हते, पण उतरले.

होडी मधोमध कापलेली होती, वरचं छप्पर काढून उघड्या बाजू विटा-सिमेंटने बंद केलेल्या. पुढचा भाग दगडांवर टेकवून त्यात काठोकाठ पाणी भरलं होतं आणि दोन म्हशी नाकपुड्यांपर्यंत तोंड घालून पीत होत्या. मागच्या भागात सरकी भिजत होती. डोलकाठीवर पत्रा टेकवला होता. शीड कडब्याच्या गंजीवर टाकून वरून दोरी बांधली होती. गोठेवाला कौतुकाने सांगत होता की असा हौद तालुक्यात नाही, थेंब गळत नाही.

आबा पुढे झाले. काठीने कडेवर टकटक केलं, कापलेल्या जागी फायबरची जाडी बोटांनी मापली, वाकून तळाखाली कोरडी जमीन बघितली. बराच वेळ ते तसे वाकून होते. आता भाव करायचा नव्हता. विकणारा नव्हता, घेणारा नव्हता. त्यामुळे त्यांना खरं बोलायला हरकत नव्हती.

"वस्तू एक नंबर व्हती, पोरी," ते म्हणाले. "कोठेच खोड नव्हती. लेवाले पाहिजे व्हती."

घ्यायला हवी होती, म्हणे. त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती आणि तिचीच मला सर्वांत जास्त किळस आली. या माणसाला चांगलं आणि वाईट पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळत असूनच तो आयुष्यभर प्रत्येक चांगल्या वस्तूवर, तिच्या धन्याच्या तोंडावर थुंकत आला होता. याला आमच्या घरात अक्कल म्हणतात.

मी होडीकडे पाहिलं. पुढच्या भागात ओट्याची ती लाकडी पट्टी अजून तशीच होती, पाण्याखाली.

"आबा, हाई काय वस्तू शे का?" मी म्हणाले. "भंगार शे."

आणि तोंड वाकडं केलं. एरंडोलला त्यांनी शिकवलं होतं तसं, ओठाचा कोपरा जाईल तितका खाली नेऊन.

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर ओठाच्या कोपऱ्यावर थांबली. "इतली?" त्यांनी हळूच विचारलं. "इतली पाहिजे व्हती का तुले?"

मी गाडीकडे चालू लागले. त्यांनी मागून हाक मारली, दोनदा. मागे वळून बघायचं नसतं, हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.